एक जूनची माणसं

सिंगापुरात पहिल्यांदा भेटणारा माणूस 'बेबी इंगळे' हे नाव ऐकून आधी हसतो, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून हसू आवरतो. तिला त्याची सवय झाली आहे. वाशीम जिल्ह्यातल्या एका घरात दोन मुलींच्या पाठीवर ती तिसरी झाली, तेव्हा नाव शोधायचा उत्साह कुणाला उरला नव्हता. शेजारणीने पाळण्यात वाकून बेबी म्हटलं, घरच्यांनी ते ऐकलं आणि विषय संपवला. आता ऑफिसातली चिनी मुलं-मुली तिला 'बेबी आंटी' म्हणतात. बॉससुद्धा तेच म्हणतो. आंटी तोंडाची तिखट आहे, हेही सगळ्यांना ठाऊक आहे.

तिचं काम म्हणजे माणसं पाठवायची. वन-नॉर्थ भागातल्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर तिची कंपनी आहे, आणि त्या कंपनीने सेंट ऑर्ला नावाच्या बेटाच्या सरकारचं कंत्राट घेतलं आहे. हे बेट पार खाली, दक्षिण समुद्रात. दोन हजार माणसं, वीस हजार मेंढ्या आणि न थांबणारा वारा. आजही ते दुसऱ्या देशाच्या मालकीचं आहे. कागदावर त्याला 'टेरिटरी' म्हणतात, बेबी सरळ 'वसाहत' म्हणते. तिथली तरुण पोरं मोठी झाली की पळून जातात, म्हणून तिथलं सरकार बाहेरून कुटुंबं मागवतं. विमानाचं आणि बोटीचं भाडं सरकारचं, घर सरकारचं. दोन वर्षं टिकलात तर घर तुमच्या नावावर आणि कायमचं राहायचं पत्र हातात. नवरा धम्मानंद तिला चिडवायचा, "आमची बायको पगार घेऊन लोकांना देशोधडीला लावते."

काम ती चोख करायची. एक्स-रेपासून पोलिसांच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक कागद ती स्वतः उलटापालटा करून बघायची. निघायच्या आदल्या आठवड्यात बायकांच्या बॅगा उघडायची, कारण बेटावर बी-बियाणं, माती, लोणची काहीही चालत नाही. एका तमिळ आजीने साडीच्या घडीत कढीपत्त्याचं रोप लपवलं होतं. बेबीने ते दोन बोटांनी उचलून कचऱ्यात टाकलं आणि आजीला रडू दिलं. तीन-चार महिन्यांनी त्या त्या कुटुंबाचा फोटो यायचा: रंगीत दाराचं घर, वाऱ्याने विस्कटलेले केस, लाल नाकाची पोरं, खाली 'थँक यू, मॅडम बेबी'. बॉस ते फोटो तिच्याच टेबलामागच्या भिंतीवर लावायला सांगायचा. दोन वर्षांत एकसष्ट फोटो झाले. येणारेजाणारे म्हणायचे, किती पुण्याचं काम करता हो तुम्ही! बेबी मनात म्हणायची, पुण्य गेलं खड्ड्यात. तिला त्या एकसष्टही घरांचा हेवा वाटायचा.

वाटणारच. सतरा वर्षं सिंगापुरात काढूनही तिचं इथे स्वतःचं म्हणावं असं काही नव्हतं. पुंगोलचा फ्लॅट भाड्याचा. पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायचा, अर्ज चारदा केला, चारही वेळा गोड शब्दांत नकार. मुलगी आर्या इथेच जन्मली, इथेच वाढली, इथल्या पोरांसारखं बोलते. पण धम्मानंदची नोकरी गेली की कामाचा पास गेला, आणि पास गेला की महिनाभरात गाशा गुंडाळा. दर दोन वर्षांनी पास नवा व्हायच्या वेळी बेबीला जेवण जायचं नाही. ज्या घरातून कुणी उठवणार नाही असं घर तिला हवं होतं. भिंतीला खिळा ठोकताना घरमालकाची परवानगी लागू नये, एवढंच तिचं मागणं होतं, आणि तसली घरं ती रोज दुसऱ्यांना वाटत होती.

मग ती स्वतः का नाही गेली? तर एक जून आडवा आला.

आपल्याकडच्या खेड्यांत एका पिढीतले निम्मेअधिक लोक एक जूनला जन्मले आहेत. जन्मतारीख घरात कुणाच्या लक्षात नसायची, शाळा जूनमध्ये सुरू व्हायची. गुरुजी पोराकडे बघून साल अंदाजाने धरायचे आणि एक जून लिहून मोकळे व्हायचे. बेबीची आई दुसऱ्याच्या शेतात कामाला जायची. धाकटीला सांभाळायला घरी कोणी नाही म्हणून थोरली अरुणा तिला कडेवर घेऊन शाळेत गेली. गुरुजींना पट भरायचा होता. चार वर्षंही पुरी न झालेल्या पोरीला त्यांनी सहाची करून टाकलं. तेव्हापासून दोन बेब्या झाल्या. एक ऑगस्टात जन्मलेली खरी, आणि दुसरी तिच्याहून सव्वादोन वर्षांनी मोठी, शाळेच्या दाखल्यावरची, म्हणून पासपोर्टावरचीही.

बेटाचा नियम असा की फाईल सिंगापुरातून रवाना होते त्या दिवशी नवरा-बायकोंपैकी कुणाचीही पंचेचाळीस वर्षं पूर्ण झालेली नसावीत. योजना ऑफिसात आली ती दोन वर्षांमागच्या जुलैत. कागदावरच्या बेबीने महिनाभर आधीच पंचेचाळिशी ओलांडली होती. खरी बेबी तेव्हा बेचाळीस वर्षांची होती, पण तिला विचारतो कोण? तिने बेटवाल्यांना लिहिलं. उत्तर आलं, जन्माच्या वेळी झालेली सरकारी नोंद दाखवा, आम्ही ती धरू. तिने गावी फोन केले, सुट्टी काढून स्वतः गेली. तिथे कळलं की त्या सालची वही केव्हाच भिजून गेली. बेबी कपाळावर हात मारून परत आली आणि लोकांच्या बॅगा तपासायला लागली.

अशात राणीची फाईल आली.

राणी तायडे आठ वर्षांपूर्वी लग्न होऊन सिंगापुरात आली, तेव्हा तिला सरकत्या जिन्यावर पाय ठेवायची भीती वाटायची. बेबीने तिचा हात धरून तो जिना चढवला. कुठल्या दुकानात आपल्याकडचा तांदूळ मिळतो, हॉकर सेंटरात, म्हणजे खाण्याच्या ठेल्यांच्या आवारात, टेबलावर टिश्यूचं पाकीट ठेवलेलं असेल तर ती जागा घेतलेली असते, हे सगळं तिने शिकवलं. मुलगी मैत्रेयी झाली तेव्हा दीड महिना डिंकाचे लाडू पोचवले. दोघींचे ब्लॉक समोरासमोर. राणी तिला ताई म्हणायची आणि बेबीचाही तिच्यावर जीव होता. पण जीव असला म्हणून हेवा वाटत नाही असं थोडंच आहे! राणीला सगळं सहज मिळायचं. भरलेल्या गाडीत राणी चढली की कोणीतरी उठायचं. राणीच्या गॅलरीतल्या कुंडीत मिरच्या लटकायच्या, बेबीच्या कुंडीत पानं पिवळी पडायची. मैत्रेयी शुद्ध मराठीत 'मावशी, बसा ना' म्हणायची, आणि आर्या 'हो, हो'ऐवजी 'कॅन, कॅन' म्हणत खोलीचं दार लावून घ्यायची.

राणीचा नवरा रत्नदीप शीतगृहांच्या यंत्रांचा इंजिनिअर. बेटावर मासळीचं नवं शीतगृह उभं राहत होतं आणि त्यांना असाच माणूस हवा होता. फाईल उघडून बेबीने पासपोर्टाची प्रत पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जन्मतारीख, एक जून. साल असं की येत्या एक जूनला पंचेचाळीस पूर्ण.

कारण खरं काय ते तिला ठाऊक होतं. रत्नदीप पंगतीत हसून हसून सांगायचा, "मी दोन वर्षं बकऱ्या राखल्या. आठव्या वर्षी शाळेत गेलो. गुरुजी म्हणाले, एवढा घोडा पहिलीत कसा बसवू, सहाचाच लिहितो!" म्हणजे सत्तेचाळिशीला टेकलेला रत्नदीप कागदावर चव्वेचाळीसचा होता, आणि चव्वेचाळीसची बेबी कागदावर शेहेचाळीसची. तसल्याच एका गुरुजींच्या तसल्याच पेनाने एकाला बेट दिलं होतं आणि तिचं काढून घेतलं होतं. खोटं त्याचंही, खोटं तिचंही. पण त्याचं खोटं त्याच्या कामाला आलं. बेबीने फाईल मिटली आणि पाणी प्यायला उठली. परत येऊन पुन्हा तेच पान उघडलं.

शेवटचा कागद, पोलिसांचा दाखला, मेच्या शेवटच्या आठवड्यात मंगळवारी आला. फाईल पूर्ण झाली. ऑफिसची पद्धत अशी की फाईली सुट्या जात नाहीत. आठवडाभर तपासलेल्या फाईलींचा गठ्ठा बॉस शुक्रवारी संध्याकाळी सहाला बंद करतो आणि बेटाकडे पाठवतो. तपासणी आलेल्या क्रमाने होते, फक्त ज्याची तारीख टळत असेल त्या फाईलीवर लाल चिठ्ठी लावून ती पुढे घ्यायची, आणि चिठ्ठी लावायचं काम ज्याची फाईल त्याचं. यंदा सिंगापूरची बुद्धपौर्णिमा रविवारी आली होती, म्हणून सोमवारी, एक जूनला, सुट्टी. म्हणजे राणीची फाईल जायची तर याच शुक्रवारी. पुढच्या शुक्रवारी रत्नदीप कागदावर म्हातारा झालेला असणार.

राणी-रत्नदीपला यातलं काही माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं वय अर्जाच्या दिवशीचं धरतात, आणि अर्ज तर जानेवारीतच भरला होता. नियमाची बारीक अक्षरं वाचायला बेबीताई होत्याच की.

बेबीच्या खणात लाल चिठ्ठ्यांची वही होती. बुधवारी बकरी ईदची सुट्टी. गुरुवारी तिने खण उघडला नाही. तिच्या समोर राणीच्या आधी आलेल्या सहा फाईली होत्या, त्या तिने क्रमाने घेतल्या, आणि इतक्या बारकाईने तपासल्या की बॉसने कौतुक केलं. मी काय वाईट करते आहे, ती स्वतःशी म्हणाली. क्रमाने काम करणं हा काय गुन्हा आहे? माझ्यासाठी कुणी लाल चिठ्ठी लावली होती?

शुक्रवारी चारला राणीचा फोन आला.

"ताई, आमचं कुठवर आलं?"

"रांगेत आहे."

"रांगेत म्हणजे?"

"रांगेत म्हणजे रांगेत. सगळ्यांची असते तशी."

"बरं बरं, चिडू नका. तुम्ही आहात म्हणून मी निर्धास्त आहे बघा. आणि सोमवारी लवकर या. तुमच्यासाठी एक गंमत ठेवली आहे मी."

गंमत! निरोपाची साडी असणार, बेबीला वाटलं. जाणाऱ्यांनी मागे राहणाऱ्यांना द्यायची, तसली. जिला सरकत्या जिन्यावर उभं राहता येत नव्हतं ती आता बेबीला साडी नेसवून बोटीत बसणार, रंगीत दाराचं घर घेणार, आणि बासष्टावा फोटो बेबीनेच भिंतीवर चिकटवायचा. तिने फोन ठेवला.

पावणेसहाला बॉस दारात आला. "बेबी आंटी, आणखी काही आहे?"

राणीची फाईल तिच्या कोपराशी होती. तपासायला दहा मिनिटं पुरली असती. खरं तर ती मंगळवारीच तपासून झाली होती. फक्त सही राहिली होती.

"नाही," बेबी म्हणाली. "एवढंच."

घरी जाताना सेरांगूनला गाडी बदलायची ती विसरली आणि दोन स्टेशनं पुढे गेली. धम्मानंदने जेवताना विचारलं, "रत्नदीपचं गेलं का गं?" तर ती त्याच्यावर खेकसली, "मी काय त्यांची पोस्टमन आहे?" धम्मानंदने आर्याकडे पाहिलं, आर्याने ताटाकडे पाहिलं.

रविवारी एका ओळखीच्यांच्या घरी बुद्धवंदना होती. महिनाभर आधी गावाकडची पौर्णिमा फोनवर बघून झाली होती, ही इथली. पांढऱ्या साड्या, मेणबत्त्या, खिरीचं पातेलं. बेबी नेहमी पुढे बसून मोठ्याने म्हणायची. पंचशील म्हणताना दुसऱ्या शीलाशी तिचा आवाज अडकला. दिलेलं नसेल ते घेणार नाही. पण मी घेतलं कुठे, तिने स्वतःला विचारलं, मी तर फक्त दिलं नाही. शेजारी राणी डोळे मिटून बसली होती आणि मैत्रेयी तिच्या मांडीवर झोपली होती. बेबीला खीर गोड लागली नाही.

सोमवारी संध्याकाळी राणीच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत दरवर्षीचा समारंभ होता. ही कल्पनाही राणीचीच. पुंगोल-सेंगकांगच्या आपल्या लोकांत एक जूनवाले नऊ जण निघाले, तर तिने ठरवून टाकलं की खरी तारीख कुणालाच माहीत नाही, मग सगळ्यांचा मिळून एकच केक कापायचा. केकवर नऊ नावं. त्यात एक बेबीचं, एक रत्नदीपचं. एकमेकांना जय भीम, हस्तांदोलन, आणि मग ठरलेली थट्टा, 'काय हो, आज गुरुजींनी जन्माला घातलं ना?' आर्या मैत्रिणीला सांगत होती, "नाईन पीपल, सेम बर्थडे. डोन्ट आस्क लाह, इट्स अ व्हिलेज थिंग."

राणीने बेबीला हाताला धरून बाजूला, दगडी बाकाकडे नेलं. हातात साडी नव्हती. एक खाकी पाकीट होतं.

"उघडा."

आत कागद होता, तहसील कचेरीचा शिक्का मारलेला. जन्मनोंदीचा उतारा. वडिलांचं नाव, आईचं नाव, गाव. अपत्य, मुलगी, तिसरी. आणि तारीख, ऑगस्टातली, खऱ्या सालाची.

"गावची वही भिजली होती," राणी घाईघाईने सांगू लागली. "पण वहीची एक नक्कल तालुक्याला जायची. माझा भाऊ कुशल आहे ना, तो सहा महिने खेटे घालत होता. गेल्या आठवड्यात मिळाली. मी जीभ चावून गप्प बसले होते, तुम्हाला आधी सांगितलं आणि नाही मिळालं तर काय घ्या! आता तुमचं वय बसतं ताई. तुम्ही पण फाईल भरा. त्या वाऱ्यात मी एकटी काय करू? मला कोण शिकवणार तिथे सगळं?"

बेबीने कागद दोनदा वाचला. आणि खरं सांगायचं तर तिला आधी आनंद झाला नाही, आधी हेवाच वाटला. मी स्वतः जाऊन जे आणू शकले नाही ते हिला इथे बसून मिळालं. आणि वर इतकं चांगलं वागणंही हिलाच जमावं! मग तिला टेबलावर कोपराशी राहिलेली फाईल आठवली.

तिकडे रत्नदीप सुरी उंच धरून ओरडत होता, "पंचेचाळीस पूर्ण, मंडळी! गुरुजींच्या कृपेने अजून तरणा आहे!" लोक टाळ्या वाजवत होते.

"राणी," बेबी म्हणाली, "तुमची फाईल गेली नाही."

"मग उद्या जाईल. त्यात काय!"

"उद्या चालत नाही. फाईल जाते त्या दिवशीचं वय धरतात. पासपोर्टावर तो आज पंचेचाळीसचा झाला. शुक्रवारी जायला हवी होती."

राणीचं हसू अजून तोंडावरच होतं. "मग शुक्रवारी का नाही गेली?"

"माझ्या टेबलावर होती. तयार होती. मला तारीख माहीत होती. मी ठेवली."

"का, ताई?"

बेबीला पुष्कळ सांगता आलं असतं. क्रम, सुट्ट्या, कामाचा बोजा. "मला बघवलं नाही," ती म्हणाली.

राणीने केकभोवतीच्या गर्दीकडे पाहिलं. रत्नदीप मैत्रेयीच्या नाकाला क्रीम लावत होता आणि मैत्रेयी खिदळत होती. बेबीने कागद पुन्हा पाकिटात घातला आणि तिच्यापुढे धरला. राणीने हात पुढे केला नाही.

"ठेवा तो," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "ऑगस्टपर्यंत तुमची पंचेचाळीस भरत नाहीत. तुमची फाईल वेळेत पाठवा."

आणि ती रत्नदीपला सांगायला गेली.